नकाशा आधी

पहिल्या पानावर नकाशा असेल
तर पुस्तक घरी न्यायचं, हा माझा नियम.
डोंगररांग, काळ्या शाईतलं जंगल,
कोपऱ्यात कुण्या राजाचं पडकं बंदर
आणि खाली मोजपट्टी:
बोटाचं एक पेर म्हणजे घोड्यावरून तीन दिवस.

तांडेल शिक्का मारता मारता म्हणतो,
"मॅडम, पुन्हा ड्रॅगन?"
नेरुळच्या सेक्टर आठमध्ये त्याचं वाचनालय, एक गाळा,
शेजारी मोबाईलची काच बदलून मिळते.
"ही घ्या, नवीन आलीय. बाई नोकरी सोडते,
दीडशे पानं विचार करते
आणि परत कामावर जाते."
मी दोन्ही नेते.

वाचते दुपारी, तुर्भ्याच्या मसाला मार्केटात,
पेढीवर, ब्याडगीच्या पोत्यांआड डबा उघडून.
सेनापती तलवार उपसतो, मी शिंकते.
राणी विष पिते, मी शिंकते.
हमाल म्हणतात, बाई पुस्तक वाचून रडतात.
म्हणू देत.

आजच्या कादंबऱ्यांना एक गोष्ट मी माफ करत नाही.
घटस्फोट होतो, कॉफी निवते,
बाल्कनीत एकटेपणा खुर्ची ओढून बसतो,
पण सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरतं
ते तीनशे पानांत कळत नाही.
आणि तिकडे, कुठल्याशा धुक्याच्या खोऱ्यात,
बुटक्या लोहाराला एका नालेमागे
तांब्याची किती नाणी मिळतात
ते चक्क परिशिष्टात दिलेलं.
मी हिशेबनीस. मला पटतं.

तरीही.
परवा त्या नोकरी सोडलेल्या बाईच्या पुस्तकात
एकशे बाराव्या पानावर
भांडून गेलेला भाऊ कुकर परत पाठवतो,
घासून, पुसून, पिशवीत घालून,
शिट्टी काढून घेऊन.
एवढंच. पुढे दुसराच प्रसंग.
मी पुस्तक मिटलं.
ऐरोलीला माझी बहीण राहते, सुहिता.
दोन दिवस मला एकही ड्रॅगन उडवता आला नाही.

हे तांडेलला सांगितलं नाही.
त्याला म्हटलं, तुम्ही एकदा वाचून बघा ना नकाशावालं.
तो हसला, गल्ल्यामागे बोट दाखवलं.
तिथे चौकटीत एक पिवळा पडलेला कागद,
जमीन घेतल्याच्या नोटिशीबरोबर आलेला, बापाच्या वेळचा.
खाडीवर आखलेले चौकोन,
चौकोनांत आकडे.
"हा पण नकाशाच. आधी हा आला,
मग रस्ते, मग तुम्ही लोक.
या सातच्या आकड्यावर माझी आत्या मीठ ओढायची."

म्हणजे मी अशाच पुस्तकात राहते तर, मनात आलं,
माणसांच्या आधी नकाशा छापलेल्या,
आणि नावं ठेवायचा कंटाळा असलेल्या लेखकाच्या:
सेक्टर सहा, सेक्टर आठ, सेक्टर आठ-अ.
साडेबारा टक्क्यांचा मंत्र
आणि तो फळायला लागलेली तीस वर्षं
कुठल्याच परिशिष्टात नाहीत.

शेवटी नेलं त्याने एक, जाडजूड, पाच भागांतलं पहिलं.
सोमवारी परत आणलं.
"चांगलंय. झोप उडाली.
पण तो काळा किल्ला बांधताना
जी सात गावं उठवली, पान चाळीस,
ती गेली कुठे? पुढच्या भागात येतात का?"

मी पाचही भाग वाचलेत.
दोनदा.
त्या रात्री तिसऱ्यांदा चाळले, फक्त गावांसाठी.
घोडे होते, वादळं होती,
लोहाराच्या नातवाचं लग्नसुद्धा होतं.

पुस्तक पुन्हा माझ्या हाती आलं तेव्हा
पहिल्या पानावर, बंदराच्या जरा वर,
जिथे लेखकाने नुसत्या लाटा काढल्यात,
पेन्सिलीने एक ठिपका.
शेजारी बारीक अक्षरात: सारसोळे.

पुस्तकात लिहिणाऱ्याला दंड पाच रुपये,
ही पाटी त्याच्याच हातची, दारावर.
मी काही बोलायच्या आत
त्याने खिशातून नाणं काढलं,
गल्ल्यात टाकलं,
आणि मला रीतसर पावती दाखवली.